नापासाची इंग्रजी शेपटी

नापास झालेल्या पोराला ताठ मानेनं घरी पाठवणारा माणूस अख्ख्या कोकणपट्टीत एकच होता, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच शाळेत, शेजारच्या वर्गावर इंग्रजी शिकवायचा. आम्ही त्यांना थोरले मास्तर म्हणत असू. स्वतः इंटर नापास. पण तेही ते 'ऑलमोस्ट सक्सेसफुली' झाले होते, असं छाती काढून सांगत. मी आमच्या कट्टा गावचा पहिला बी.ए. माझ्या बापाला अंगठ्यापलीकडे सही ठाऊक नव्हती. मास्तरकीची बी.टी. परीक्षा पास झालो की हेडमास्तरची खुर्ची मला मिळणार, हे बाजारातल्या केळीवाल्यांनासुद्धा माहीत होतं. तरी गावाचा नमस्कार मात्र आधी थोरल्या मास्तरांना.

कारण त्यांची प्रगतिपुस्तकं. नुसतं 'फेल्ड' लिहिणं त्यांना उघड्यानं बाजारात जाण्यासारखं वाटे. दोन-चार गुणांनी गेलेला 'फेल्ड नॅरोली', गणितात भोपळा आणणारा 'फेल्ड मॅग्निफिसंटली', आणि त्याच वर्गात दरवर्षी नव्या उमेदीनं बसणारा 'फेल्ड रेझोल्यूटली'. आमच्याकडे पोरांचे बाप मुंबईला चाकरीत, म्हणून प्रगतिपुस्तक सहीसाठी बोटीनं जाई आणि तिथे गाववाल्यांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं जाई. एकदा सुट्टीवर आलेला एक बाप माझ्याकडेच आला. "मास्तरांनू, ह्या 'गॅलंटली' म्हणजे काय ओ?"

"शौर्यानं," मी दात आवळून म्हटलं. "शौर्यानं नापास."

"आमच्या घराण्यात तसाच आसता!" म्हणून तो गेला, आणि संध्याकाळी थोरल्या मास्तरांच्या घरी टोपलीभर सुंगटां पोचली. अर्थ सांगितला मी, कोळंबी खाल्ली त्यांनी! माझ्या वर्गातल्या एका पोराचा बाप तर तोंडावर म्हणाला, "तुमी नुसताच फेल्ड लिवलात. फुडे शाई संपली काय?" मी बी.ए. आहे हो! मला का ते शब्द येत नव्हते? पण नापास म्हणजे नापास, ही माझी शिस्त.

मग मी वर्षभर रजा काढून कोल्हापुरात बी.टी.ला बसलो. निकालाचा पेपर दुपारच्या एस.टी.नं कट्ट्यावर उतरला आणि त्यात माझा नंबर नव्हता. खुर्ची बाहेरच्या माणसाला गेली. केळीवाल्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी ओट्यावर बसून होतो, तेव्हा थोरले मास्तर आले आणि शेजारी पान जुळवत बसले. माझ्या 'फेल्ड'पुढच्या शब्दाची मी वाट पाहिली. त्या मॅग्निफिसंटवाल्या पोराचासुद्धा मला हेवा वाटत होता. शेवटी मीच लाज सोडून विचारलं, "मास्तर, माका काय लिवतलात?"

"कायेक नाय."

"म्हणजे?"

"अरे, ती शेपटी इंग्रजी येणा नाय तेंच्यासाठी. घराकडे चार दिवस बरे जातत. तुका अख्खा इंग्रजी येता. तुका मी काय म्हणून फसवू?" त्यांनी पान माझ्या हातात दिलं. "नापास झालंस. ऊठ, जेवूक चल."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे मी बी.टी. झालो, खुर्चीवरही बसलो. पण त्या संध्याकाळी त्यांच्या मागून जेवायला जाताना, आयुष्यात एकदाच, मला माझ्या बी.ए.चा राग आला होता.