‘शिक्षा’ म्हणजे पढाई नव्हे

“नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर,” डॉक्टर म्हणाल्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाईंचा इंग्रजी उच्चार भयंकर आहे.

सोप्या भाषेत सांगायचं तर, माझ्याहून शहाणा कुणी नाही अशी खात्री बाळगायची, आणि ती टिकवायला दिवसभर इतरांना कमी लेखायचं. यात त्रास घरच्यांना होतो, रोगी मजेत असतो. तुमच्या घरची माणसं तुमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत असतील, तर पुढे वाचा.

मी साताऱ्याचा, नोकरी चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये. माझी सात वर्षांची मुलगी ईरा इथेच जन्मली. मराठी कळतं, बोलते हिंदीत. तिनं मराठी बोलायचा प्रयत्न केला की मी नाक मुरडायचो. शेवटी ती माझ्यासाठीचा निरोपही आईच्या कानात सांगू लागली. बायको म्हणाली, “उपचार घे, नाहीतर मी हिला घेऊन साताऱ्याला चालले.”

उपचार म्हणजे शॉर्ट-टर्म सायकोडायनॅमिक थेरपी. मोजक्या वीस बैठका. लहानपणची नाती आपण आज कुणावर गिरवतो, ते शोधायचं. दवाखाना सेक्टर २२ मध्ये, एका चपलांच्या दुकानावर. बाहेर बाकावर रडवेले चेहरे बसलेले. मी मनातल्या मनात त्यांची कीव करायचो.

सात बैठका मी डॉक्टरांच्या चुका काढण्यात घालवल्या. “आप मुझे भी फेल कर रहे हैं,” त्या शांतपणे म्हणाल्या. मला ते कौतुकच वाटलं.

आठव्या बैठकीत वडिलांचा विषय निघाला. ते शिक्षक. मी म्हणालो, “उन्होंने मुझे बहुत शिक्षा दी.”

“अच्छा, पढ़ाई पर ध्यान देते थे,” त्यांनी लिहून घेतलं.

धन्य, मी मनात म्हटलं. मग त्यांना समजावून सांगू लागलो की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र सजा.

“जैसे?”

उदाहरण द्यावं लागलं. दुसरीत मी वडिलांच्याच वर्गात होतो. शुद्धलेखन चुकलं की ते माझी वही मोठ्यानं वाचायचे, माझ्याच आवाजाची नक्कल करत. पोरं हसायची. घरी जेवताना तोच खेळ पुन्हा.

सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं. पाहुण्यांसमोर मी ईराची अगदी अश्शीच नक्कल करतो. आणि हे कुणी शोधून काढलं नव्हतं. डॉक्टरांना अडाणी ठरवायच्या नादात मीच बोलून गेलो होतो.

मग रडलो. खूप लाज वाटली. दुसऱ्यांना हसणारा माणूस रडताना फार बावळट दिसतो, तेवढी तयारी ठेवा.

वीस बैठका झाल्या. बरा झालो असं म्हणणार नाही, निम्मं जग मला अजून मूर्खच वाटतं. फक्त आता ते तोंडातून निसटण्याआधी मला ऐकू येतं. त्यासाठी डॉक्टरांचे उपकार मानतो, नाइलाजानं.

गेल्या रविवारी ईरा माझ्याजवळ आली. “बाबा, माझा दात तुटून गेला.”

दात पडतो, तुटत नाही. वाक्य जिभेवर तयार होतं.

“बघू,” म्हणालो.

तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं.