डागी लुगडं

सुखदेवभाऊ गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी पाचपावलीतील राहत्या घरी वारले. ते हातमाग विणकर होते. दम्याचा आजार जुना होता. त्यांचा जावई निरोप घेऊन आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत आला, तेव्हा मी एका राज्यमंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी लिहीत होतो. याच मंत्र्यांनी राजीनामा द्यावा, अशी सुखदेवभाऊंची अखेरपर्यंत मागणी होती.

कारण जुनं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरच्या वर्षांत ते एका विणकर सोसायटीत कापड जमा करत आणि मंत्री तेव्हा तिथे सेक्रेटरी होते. इतरांचं कापड सेक्रेटरी हाताने उलगडून पाहत. सुखदेवभाऊंचं लुगडं मात्र जमिनीवर ठेवायला लावत, लोखंडी गजाच्या टोकाने उचलत आणि हात लावण्याआधी त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडत. खळ दिलेल्या कापडावर पाणी पडलं की डाग उठतो. डाग उठला की तेच लुगडं डागी म्हणून परत. एकदा त्यांनी खळ न देताच लुगडं नेलं. ते ढिलं म्हणून परत आलं... हे सांगताना ते हसत.

पुढे हे सेक्रेटरी साहेब निवडून आले, मंत्री झाले. समतेवरच्या त्यांच्या एका सभेत सुखदेवभाऊ परत आलेलं एक लुगडं घेऊन उभे राहिले. मी वार्ताहरांच्या बाकावर होतो.

"साहेब, तेच कापड आनलं आहे. आता तरी हातानं पाहून घ्या."

मागून कोणी ओरडलं, "बस ना गा बुढ्या, बजार नाही भरला इथं!" लोक हसले. साहेबही हसले. "सुखदेव, तवा सारेच तसं करत होते. जुनं काहून उकरून राहिला?"

"करत असन सारे. याच्या चिठ्ठीवर सही तुमची आहे."

त्यांना बाहेर नेण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ ते लुगडं आणि राजीनाम्याची मागणी घेऊन कचेरीत आले. त्याला सोसायटीची चिठ्ठी टाचलेली होती. संपादकांनी ती दोनदा वाचली. "यात डाग आहे. पाणी कोणी टाकलं, ते नाही," असं म्हणून त्यांनी ती परत दिली. साहेबांचं भाषण पहिल्या पानावर चार कॉलम गेलं. राजीनाम्याची मागणी आतल्या पानावर पाच ओळी, कारणाशिवाय. दोन्ही बातम्या मीच लिहिल्या होत्या.

जिन्यात मी त्यांना विचारलं होतं, राजीनाम्याने तुम्हाला काय मिळणार?

"मले का भेटन, बाबू? पन उद्याच्या सेक्रेटरीले तांब्या उचलताना याद राहीन."

त्यानंतर ते दरवर्षी मंत्र्यांना राजीनामा मागणारं एक पत्र पाठवत. मजकूर तोच. मंत्र्यांच्या कार्यालयाकडून एकदाही उत्तर आलं नाही.

ते वारल्यावर दोनेक आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. माग बंद होता, त्यावर अर्धं विणलेलं कापड तसंच होतं. त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी मुलीला हाक मारली, "पेटी उघड वं, बाबूले दाखव." लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं. डाग पिवळा पडला आहे. टाचणी गंजली आहे. चिठ्ठीवर दोन शब्द आहेत : डागी, परत. खाली सही आहे. ती वाचता येते.