ताईची मशीन : सहा तास, पास

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. या ग्रुपवर तीन वर्षं आहे आणि इथल्या निम्म्या अनुभवांखाली मी खवचट कमेंट टाकलेली आहे. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली, की मी विचारायची – घरात उंदीर आहेत का? जुन्या लोकांना माझं नाव आठवत असेलच. त्यामुळे आज हे लिहिताना लाज वाटतेय... पण वर्ष होत आलं, आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी अमरावतीला असते, बडनेरा रोडला. घरांचे थ्रीडी प्लॅन करून देण्याचं काम करते, म्हणजे घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल त्याची चित्रं. त्याला तगडा कॉम्प्युटर लागतो. माझा धाकटा भाऊ संजू अकोल्यात कॉम्प्युटर जोडून द्यायचा. बसस्टँडच्या मागे एका जुन्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर त्याचा गाळा होता – एक शटर, एक गजांची खिडकी, आणि तीही पश्चिमेला.

त्याला नाद होता ओव्हरक्लॉकिंगचा. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त जोरात पळवायचा, इतकंच ते असतं. मी म्हणायची, यापेक्षा बैलांच्या शर्यतीचा, शंकरपटाचा नाद परवडला असता, निदान बैल तरी बघायला मिळाले असते. तो नुसता हसायचा.

पण वेग वाढवला म्हणजे झालं, असं नसतं. मशीन त्या वेगात टिकते का, हे तपासायला एक सॉफ्टवेअर असतं. ते प्रोसेसरला तासन्‌तास अवघड गणितं घालतं. उत्तरं त्याला आधीच माहीत असतात. एक जरी उत्तर चुकलं तरी टेस्ट फेल. मी एकदा विचारलं होतं, मशीन चालू आहे ना, मग एखादं उत्तर चुकलं तर काय बिघडलं? तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, मशीन बंद पडली तं बरं, समजते तरी. पन चुकीचं उत्तर देऊन चालूच रायते न, थे वाईट. तवाच थांबवा लागते."

हे वाक्य मी आता रोज आठवते.

टेस्टचे त्याचे नियम ठरलेले होते. टेस्ट शक्यतो मे महिन्यात घ्यायची, भर दुपारी, आणि खोलीतला कूलर बंद ठेवून. गिऱ्हाईकाच्या घरी कूलर असेलच असं नाही, आणि अकोल्याच्या उन्हात जी टिकली ती कुठेही टिकते, असं त्याचं म्हणणं. कॅबिनेटचं झाकण स्क्रू लावून बंद. आणि स्वतः सहा तास तिथेच बसायचं, अधूनमधून कॅबिनेटवर हात ठेवत. मी म्हटलं, अरे तू तरी बाहेर बस. तर म्हणे, "मशीनले काय सोसा लागते, थे आपल्यालेबी कळलं पायजे." सहा तास झाले की टेस्ट थांबवायची, झाकण उघडायचं आणि त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहायचं – कुणाची मशीन, किती तास, तापमान जास्तीत जास्त किती गेलं, आणि पास. खाली सही. पास झाल्याशिवाय एक अक्षर लिहायचा नाही. गिऱ्हाईकाला ते कधी दिसणारही नाही, पण त्याचं समाधान.

मागच्या मे महिन्यात तो माझी मशीन बांधत होता. एका बिल्डरचं काम माझ्या अंगावर होतं आणि जुना कॉम्प्युटर रडत होता. माझा स्वभाव घाईचा – मी रोज संजूच्या मागे लागायची. त्या दिवशी दुपारी सव्वा वाजता फोन केला. पारा पंचेचाळीसच्या वर होता. म्हणाला, "अकरालेच टेस्ट लावली. पाच वाजेपर्यंत होऊन जाते."

मी म्हटलं, "मला उद्या म्हणजे उद्याच पाहिजे. सकाळी येते न्यायला."

"ये न. येतानी आईले घेऊन ये."

आमच्या आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी फोन खांद्यावर धरून कीबोर्ड बडवत होते. मी काय म्हणाले माहितीये? "हो हो, आणते. तू आधी मशीन दे." आणि फोन ठेवला. काहीतरी विचित्र ऐकलं, एवढं मनाला लागलं होतं. पण मला वाटलं, आईचा फोटो म्हणत असेल, किंवा थट्टा करत असेल... खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. मला काम होतं.

अडीचला शेजारच्या मोबाइलच्या दुकानातले दिनेशभाऊ त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर मागायला गेले. संजू खुर्चीत कलंडलेला होता. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, आणि घाम मात्र नाही. डबा उघडलेला नव्हता. माधुरीने – म्हणजे त्याच्या बायकोने – सकाळी त्याच्या खिशात कांदा ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून. तो खिशातच होता. दिनेशभाऊंनी चार जणांना हाक मारली, त्याला खाली नेलं, शटर ओढून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून दवाखान्यात गेले. घाईत मशीन बंद करायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचायचं काही कारणही नव्हतं.

मला तीनला फोन आला. मी पोहोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. तो पाचला दहा कमी असताना गेला होता. डॉक्टर म्हणाले, ऊन डोक्यात चढलं की माणूस आधी असंबद्ध बोलायला लागतो, तेव्हाच पाणी मारून सावलीत न्यायला हवं होतं. असं काही बोलला होता का, असंही त्यांनी विचारलं. मी मान हलवली – नाही. माधुरी शेजारीच उभी होती.

दिनेशभाऊ रात्रभर आमच्यासोबतच होते. किल्ली त्यांच्याकडेच राहिली. दुसरी किल्ली संजूच्या खिशातून निघाली, ती दवाखान्याच्या पिशवीत कांद्याशेजारी पडलेली मी स्वतः पाहिली. गाळा तेरवीनंतर उघडला. मशीन बंद होती. लाइट गेली असेल, असं सगळे म्हणाले. मलाही तेच वाटलं. माधुरी म्हणाली, "ताई, तुमची हाये, तुमी घेऊन जा." मी चादरीत गुंडाळून आणली आणि माळ्यावर टाकली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

यंदा मार्चमध्ये माझा जुना कॉम्प्युटर कायमचा गेला. नाइलाजाने ती खाली काढली. सकाळचे दहा वाजले असतील. धूळ पुसायला म्हणून झाकणाचे चारही स्क्रू काढले. घट्ट होते, मनगट दुखेपर्यंत पिळावे लागले. झाकण उलटं केलं.

"ताईची मशीन. ६ तास. ९३. पास." खाली सही.

मग डोकं चालवायला लागले, तुमच्या अनुभवांवर चालवायची तसंच. त्याने आधीच लिहून ठेवलं असेल. पण मग तापमान कसं कळलं? मशीन सुरू केली, सॉफ्टवेअरची नोंदवही उघडली. टेस्ट सुरू, सकाळी अकरा. त्र्याण्णव अंश पहिल्यांदा लागले ते चार वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. एकही चूक नाही. टेस्ट थांबवली, पाच वाजून दोन मिनिटं. हे सॉफ्टवेअर आपणहून थांबत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं. लाइट गेली असती तर नोंद अर्धवट तुटली असती. इथे बटण दाबल्याची नोंद होती, आणि मग मशीन रीतसर बंद केल्याची.

पाच वाजून दोन मिनिटांनी शटरला कुलूप होतं. किल्ल्या दोनच, त्या दोन्ही दवाखान्यात. आणि माझा भाऊ जाऊन बारा मिनिटं झाली होती.

घड्याळ पुढेमागे असेल म्हणून तेही तपासलं. फरक मिनिटाचाही नव्हता. दिनेशभाऊंना फोन केला, तर त्यांनी शपथ घेऊन सांगितलं की तेरवीपर्यंत शटरला कुणी हात लावला नाही. ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत, आणि खोटं बोलून त्यांना मिळणार काय?

मग माधुरीला झाकणाचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "त्यायचंच अक्षर हाये, ताई," ती म्हणाली. "काम अर्धं ठेवून उठत नव्हते न थे. जेवाले बोलावलं तरी नाई."

तेव्हा मी तिला त्या फोनचं सांगितलं. आईचं. मी 'हो हो' म्हटलं ते. डॉक्टरांपुढे खोटी मान हलवली तेही. दहा महिने एकच दुःख सोसत असूनही मी ते तिच्यापासून लपवलं होतं.

ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मीबी फोन केलता, ताई. दीड वाजता. जेवले का, विचारलं. म्हने जेवलो, वांग्याची भाजी मस्त झालती. मी डब्यात वांगं देल्लंच नव्हतं. म्या म्हटलं, करून राह्यले गंमत." मग दोघी रडलो. फोनवरच, किती वेळ ते माहीत नाही.

तर असं आहे. मशीन आता माझ्या टेबलावर आहे, त्याने ठरवलेल्या वेगावरच चालते. एकदाही अडकली नाही. झाकण मी परत लावलं, पण स्क्रू दोनच लावलेत, कधीही उघडून ते अक्षर बघता यावं म्हणून.

हे काय होतं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कुलपाची, घड्याळाची, बटणाची काही तर्कशुद्ध फोड सुचली तर जरूर लिहा, मी हसणार नाही. फक्त "तो तुमच्यावरच्या मायेनं परत आला" असं लिहू नका. ते मलाही सुचलंय, आणि तेच सहन होत नाही. तो माधुरीला भेटायला आला नाही, आईकडे गेला नाही. आधी त्या तापलेल्या गाळ्यात परत गेला, कारण मी म्हटलं होतं की उद्या म्हणजे उद्याच पाहिजे.

संजू, मला ती उद्या नको होती रे. कधीही चाललं असतं.