तिसरी बरणी

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आक्कामुळे. लोहगडवाडीत आमचा ताक-भज्यांचा स्टॉल आहे. वडिलांची कंबर कायमची धरली, तेव्हा आईच्या हाताखाली कोणीतरी हवं झालं. आक्का नववी पास झालेली. मी सातवीत, अभ्यासात यथातथाच. शाळेतून मलाच काढायचं ठरत होतं. आक्का म्हणाली, "त्याला शाळंत जाऊ द्या, म्या बसते. पुढल्या वर्षी बदलू." ते पुढलं वर्ष आलंच नाही.

आता मी लोणावळ्यात एका खोलीत राहतो आणि कंपनीचं काम तिथूनच कॉम्प्युटरवर करतो. कधीकधी दिवसभरात एक शब्दही तोंडातून निघत नाही. परवा यादीतल्या दोन नोंदींची अदलाबदल करणारा प्रोग्राम लिहीत होतो. तपासायला घरचीच दोन माणसं घातली : आक्का, मी. चालवला, तर स्क्रीनवर आलं : मी, मी.

चूक साधी होती. पहिल्या जागेवर 'मी' ठेवण्याआधी तिथली 'आक्का' बाजूला काढून ठेवायची ओळ घाईत राहिली होती, म्हणून ती पुसली गेली. लहानपणी दोन बरण्यांतल्या मीठ-तिखटाची अदलाबदल करायला सांगितली, तेव्हाही मी मीठ सरळ तिखटावर ओतलं होतं. आक्का पोट धरून हसली होती. "आरं शाण्या, तिसरी बरनी रिकामी लागती न्हवं? आता खा तूच ह्ये!"

राहिलेली ओळ घातली. यादी सुधारली, पण खोलीत 'मी, मी'च उरलं. दाराशी एकच चपलेचा जोड, मोरीत एकच ताट. मी फोन लावला.

"आक्का, दहावीला बसतेस का?"

"कोन, म्या? सायेब, डोकं ठिकानावर हाय ना? गिऱ्हाईक खोळंबलंय, ठेव."

मग पत्र लिहिलं.

'आक्का,

फोनवर तू ऐकणार नाहीस. बाहेरून दहावीला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती सोबत आहे. शनिवार-रविवार गडावर गर्दी असते आणि मी इथे रिकामा असतो. ते दोन दिवस स्टॉलवर मी बसेन, तू अभ्यासाला बस. भजी बिघडली तर शिव्या दे, आईपुढे दे. पण तुझा शाळेचा दाखला शोधून ठेव, शनिवारी सकाळी येतोय.

या वर्षी बदलू.'