मामीची छबी

माझा मामा फोटो स्टुडिओत टचिंग करायचा. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने लोकांचे मुरुम, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, हा त्याचा जन्मभराचा धंदा. कावळासुद्धा त्याच्या हाताखालून राजहंस होऊन निघायचा आणि वर म्हणायचा, "कॅमेरा चांगला दिसतोय तुमचा."

एकदा फोटो काढायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांनी त्याला 'छबी' या शब्दाची कुळकथा सांगितली. संस्कृतात 'छवि' म्हणजे आधी कातडी. मग कातडीचा रंग, मग तेज, मग रूप, आणि होता होता चित्र. आता तर पुढाऱ्यांनाही छबी असते, आणि ती उजळायला माणसं पगारावर ठेवावी लागतात. मामाने त्यातलं 'तेज' तेवढं उचललं. "आम्ही तेज काढतो," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. कातडीचं नावही नाही.

मामीच्या गालांवर लहानपणच्या देवीचे व्रण होते. मामाने हौसेने तिचे फोटो काढले आणि प्रत्येक निगेटिव्हवर गाल गुळगुळीत केले. प्रेमच होतं ते, मी नाही म्हणत नाही. पण मामी फोटो बघून म्हणायची, "ही कुठली सवत आणलीत?" आणि तो कपाटात टाकायची. मामा हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा.

मामी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून माझी मामेबहीण सगळे फोटो पलंगावर मांडून बसली, आणि रडायलाच लागली.

"बाबा, यात आई कुठेच नाही."

निगेटिव्ह तर स्टुडिओ बंद झाला तेव्हाच भंगारात गेल्या होत्या. मामाचा चेहरा उतरला. त्याने सगळ्यांत मोठा फोटो टेबलावर घेतला, केसाएवढा ब्रश रंगात बुडवला आणि व्रण परत घालायला बसला. उजवा गाल कसाबसा झाला. डाव्या गालावर हात अडला. एवढा संसार केला, आणि त्याला आठवेना. मला त्याची फार दया आली.

बहिणीने जवळ येऊन फोटोवर बोट टेकवलं. "इथे एक खोल होता. झोपताना मी त्यात बोट ठेवायचे."

मामाने तो उमटवला. मग खाली मान घालून म्हणाला, "मला कधी गालाला हात लावू दिला नाही गं तिनं. मी फोटोत पुसतो, म्हणजे मला ते आवडत नाहीत, असं वाटलं असेल का तिला?"

"वाटायचंच, बाबा," बहीण म्हणाली, आणि तिने पुढच्या व्रणाची जागा दाखवली.