सैंधवाचा पुडा

आमच्या गारखेड्याच्या घरात मीठबंदी आली ती नवऱ्याच्या कंपनीतल्या तपासणीनंतर. बीपी उत्तम, साखर उत्तम. डॉक्टर एवढंच म्हणाले, की धडधाकट माणसानंही मीठ बेतानं खावं. पापड, लोणचं, फरसाण आवरावं. नवऱ्यानं त्यातलं ‘मीठ’ तेवढं ऐकलं. अर्धवट ऐकून पूर्ण शहाणं व्हायची कला त्याला उपजतच आहे.

दुसऱ्या दिवसापासून वरण अळणी, भाजी अळणी, पानातली मिठाची जागा रिकामी. शेळ्या-शेरडं धाकट्या लेकाच्या हवाली करून सासूबाई नुकत्याच पाचोडहून कायमच्या आमच्याकडं आल्या होत्या. त्या घास नुसता तोंडात घोळवत बसायच्या.

“माय, तुझ्या तब्येतीसाठीच आहे हे.”

“तब्येतीला काय झालंय रं माज्या? घास उतरत नाय, तेवढं बघ.”

आणि हा स्वतः? ताकात सैंधव, काकडीवर सैंधव, पेरूवर सैंधव, तेही चमच्यानं. जोडीला दोन पापड. मी बोलले तर म्हणाला, “अगं, हे मीठ थोडंच आहे? उपवासाला चालतं हे.” चतुर्थीला देव चालवून घेतो म्हणून रक्तदाबही चालवून घेईल! भिंतीवर इंजिनिअरिंगची पदवी टांगलेल्या माणसाची ही अक्कल. सासूबाईंपुढंही त्यानं तो गुलाबी पुडा ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला.

मग मी त्यांच्या भाजीत गुपचूप मीठ घालू लागले. एकदा यानं त्यांच्या ताटातला घास चाखला आणि भर जेवणात आईला सुनावलं, “या वयातही जिभेचे चोचले सुटत नाहीत तुझे!” मला त्याची मनापासून लाज वाटली. सासूबाईंनी ताट संपवलं, स्वतःच घासलं आणि सकाळी पाचोडला परत जायला पिशवी भरली. यानं त्यात सैंधवाचा नवा पुडा कोंबला. ‘आईला शहराची हवा मानवली नाही,’ असं तो शेजाऱ्यांना सांगत फिरला.

आठवड्यानं त्यानं फोन केला. समोर काकडी चिरलेली, हातात चमचा.

“माय, सैंधव वापरतेस ना?”

“शेरडांम्होरं ठिवलं रं. लई आवडीनं चाटत्यात. आपल्यात ते त्यांचंच असतंय.”

“आणि तू?”

“म्या? म्या आता पोटभर जेवते.”