चौकटीत आलंय!

भूम तालुक्यात ज्या ज्या माणसाला ऑक्टोपसची हृदयं तीन असतात हे ठाऊक आहे, त्या प्रत्येकाला ते आमच्या मामांनी सांगितलेलं आहे. आणि ठाऊक नसलेली माणसं आता तालुक्यात फारशी शिल्लक नाहीत. मामा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. एसटीत शेजारी बसलेला प्रवासी, आठवडी बाजारात कांदे निवडणारी बाई, दात काढायला आ वासून बसलेला पेशंट, मामांनी कुणालाच सोडलं नाही. लग्नात अंतरपाट खाली आल्याआल्या त्यांनी आत्याला जे पहिलं वाक्य ऐकवलं ते होतं, "मधमाशीला डोळे पाच असतेत." आत्या अजून सांगते, "मला वाटलं, माझ्या डोळ्यांबद्दल काय तरी बोलत्याल."

मामांचं शिक्षण सातवीपर्यंत. वडिलांची मेंढरं होती, ती राखत राखत जेवढी शाळा झाली तेवढी झाली. वाचनाचं वेड मात्र जबरदस्त. तेही साधंसुधं नाही. वर्तमानपत्रातली एकही बातमी ते वाचत नाहीत. पानाच्या कोपऱ्यात 'तुम्हाला माहीत आहे का?' अशी छोटी चौकट असते, तेवढीच वाचतात आणि पेपर घडी घालून ठेवतात. त्यामुळं सरकार कुणाचं आलं हे त्यांना आत्याकडून कळतं, पण मध वर्षानुवर्षं नासत नाही हे आत्याला त्यांच्याकडून कळतं. कुणी शंका काढली की मामा वाद घालत नाहीत. डावा तळहात समोर धरतात, उजव्या हाताच्या बोटानं त्यावर चार रेघा ओढतात आणि म्हणतात, "चौकटीत आलंय!" त्यापुढं अपील नाही.

मामांची नोकरी भूमच्या टॉकीजमध्ये दारावर. तिकिटं फाडायची आणि पडदा ओढून घ्यायचा. ती टॉकीज बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिथं प्रत्येक सिनेमा त्यांनी तीस-चाळीस वेळा पाहिला, तोही तुकड्यातुकड्यानं. मग गोष्टीत लक्ष कशाला राहणार? ते राहायचं चुकांत. राजाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा, युद्धभूमीच्या मागं विजेचा खांब, विधवेच्या हातात पुढच्याच क्षणी हिरव्या बांगड्या. राजा मरताना सगळं थिएटर रडत असायचं आणि दारातून आवाज यायचा, "बघा, बघा, मेल्यावर पापणी हलली!" आपल्याकडच्या अगदी पहिल्या मूकपटात नायिकेचं काम एका पुरुषानं केलं होतं, ही माहिती त्यांनी मध्यंतरात भेळ खाणाऱ्या नवविवाहित जोडप्याला दिली. त्या नवरीनं उरलेला सिनेमा नायिकेच्या मिशा शोधण्यात घालवला म्हणे.

घरात मात्र मामांना जोडीला जोड होती. एका एकादशीला आत्यानं साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवली. मामांनी घास घेतला आणि सुरू झाले, "साबुदाणा आपला न्हाय. बटाटा आपला न्हाय. शेंगदाणाबी आपला न्हाय. समदं समुद्रापलीकडनं आलंय." आत्यानं ताटली उचलली आणि तांब्या ठेवला. म्हणाली, "मग पाणी प्या. ते तरी आपल्याच बोरचं हाय." मामा संध्याकाळपर्यंत चौकटीचं नाव काढेनात.

मी शिकायला आत्याकडं राहिलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्या पदवीत या माणसाचा वाटा किती आहे ते मला माहीत आहे. त्यांचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून मी वाचनालयात जायला लागलो. जाडजूड पुस्तकं काढायचो, पानं उलटायचो आणि बहुतेक वेळा हरून यायचो. त्या हरण्यातच वाचायची सवय लागली. पुढं नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुमच्या जिल्ह्याबद्दल सांगा." माझ्या आधीचे सगळे दुष्काळावर बोलून गेले होते. मी म्हणालो, "सर, आमच्या तेर गावचा माल कोणे एके काळी रोमपर्यंत जात होता." साहेब खुर्चीत पुढं सरकले. नोकरी लागली. पेढे घेऊन मामांच्या पाया पडलो, तर म्हणाले, "ऑक्टोपसचं न्हाय विचारलं?"

पण याच माहितीपायी मामांच्या घरात चौदा वर्षं एक काटा रुतून बसला होता. त्यांची लेक कळंबला दिली. व्याही भला माणूस, धान्याचा व्यापारी, पण दोन गोष्टींचा अभिमान फार: घराणं आणि घरचं येसर. येसर म्हणजे आमच्याकडचा भाजून कुटलेला मसाला. त्याच्या आमटीशिवाय लग्नाची पंगत उठत नाही. व्याह्यांनी लग्नाला स्वतःच्या घरून येसराचे डबे आणले होते. पंगतीत ते मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "ही आमच्या सात पिढ्यांची चव हाय, पाव्हणं. अस्सल इथली." कुणाही शहाण्या माणसानं "वा, वा" म्हणून आमटी ओरपली असती. मामा म्हणाले, "चव झकास! पण मिरची इथली न्हाय. ती पोर्तुगीजांच्या जहाजातनं आली."

व्याही भरल्या पानावरून उठले. "आमच्या येसराला परकं म्हणता?" एवढं बोलून त्यांनी हात धुतला. त्या दिवसापासून त्यांनी मामांच्या घरी घास खाल्ला नाही. सुनेला न्यायला आले तर दारातच उभे राहायचे, गूळ नको, चहा नको. मधल्या मधे लेकीची ओढाताण. माहेरी आली की सासऱ्यांची बाजू सांगायची, सासरी गेली की वडलांची, आणि दोन्हीकडं बोलणी खायची. आत्यानं कितीदा विनवलं, "एकदा चुकलो म्हणा, तुमचं काय जातंय?" मामांचं एकच, "चुकलं असतं तर पाय धरले असते. पण चौकटीत आलंय."

गेल्या वर्षी नातीच्या शाळेत, कळंबला, स्नेहसंमेलनात प्रश्नमंजुषा होती. नात अंतिम फेरीत. व्याही पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले, शेजारी सूनबाई, म्हणजे मामांची लेक. मी मामांना मोटारसायकलवर घेऊन गेलो आणि आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि गुरुजींनी शेवटचा प्रश्न वाचला, "मिरची, बटाटा, टोमॅटो आणि तूर. यांपैकी मूळची आपल्या देशातली कोणती?"

नातीनं पहिल्या रांगेकडं पाहिलं, तिसऱ्या रांगेकडं पाहिलं, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "तूर."

गुरुजींनी हातातला कागद पाहिला. "चूक. बरोबर उत्तर, मिरची."

मामा ताडकन अर्धे उठले. तळहात समोर आला, बोटही वर गेलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून लेकीनं वळून पाहिलं. मामा खाली बसले. मी कोपरानं ढोसलं, "मामा, बोला की! पोरीवर अन्याय व्हायलाय." ते पुटपुटले, "न्हाय. आज न्हाय. पोरगी किती दिवस सोसणार?" तोंडाशी आलेली माहिती मामांनी गिळलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

आणि मग पहिल्या रांगेतला फेटा हलला. व्याही उठून उभे राहिले. "गुरुजी, थांबा. मिरची आपली न्हाय. बाहीरची हाय."

गुरुजी गोंधळले. "आपल्याला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? ते तिथं बसलेत, ते आमचे व्याही! भर पंगतीत सांगितलंय, माझ्या येसराला नाव ठिवून. पाचशे माणसानं ऐकलंय. त्यापायी चौदा वर्षं मी ह्यांच्या घरी जेवलो न्हाय. खोटं असतं तर म्या एवढी वर्षं राग धरला असता का?"

"पण कागदावर तर..."

"कागदावर काय बी लिवलेलं आसंल," व्याही गरजले. "चौकटीत आलंय का, ते सांगा!"

सगळा मंडप हसून हसून लोळला. मुख्याध्यापिका बाईंनी आतून इतिहासाचं पुस्तक मागवलं, पान काढलं, वाचलं आणि माईक हातात घेतला. उत्तर तूरच होतं. गुरुजींनी मोठ्या मनानं कागद खिशात घातला आणि स्वतः नातीच्या गळ्यात पदक घातलं. टाळ्या थांबेनात. गर्दीतून वाट काढत व्याही आमच्यापुढं आले. मान ताठ ठेवून म्हणाले, "म्या नातीसाठी बोललो, पाव्हणं. मिरचीसाठी न्हाय."

"मिरचीला काय फरक पडतोय," मामा म्हणाले.

"रविवारी जेवायला येतो. आमटी लाल करा." व्याही आले, तीन वाट्या आमटी प्याले, आणि आत्या पदरानं डोळे पुसत वाढत राहिली. लेक त्या दिवशी माहेरच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं गात होती.

तेव्हापासून मामांचा शब्द म्हणजे पुरावा झाला आहे. कळंबच्या बाजारात व्याहीच त्यांची माहिती वाटत फिरतात. भूममध्येही लोक मान डोलावतात, "तुमी म्हणताव म्हंजे खरंच आसंल, मामा." मला वाटलं होतं, मामा आता सुखात असतील. परवा गेलो तर अंगणात खुर्ची टाकून एकटेच बसले होते. अलीकडं थकलेत. ऐकूही कमी येतं. मला पाहून म्हणाले, "केळीचं झाड हे झाडच न्हाय. खोड दिसतंय ती नुसती पानांची गुंडाळी हाय."

"हो का?" मी म्हणालो.

"तूबी लगेच व्हय म्हणायला लागलास," ते म्हणाले. "समदेच व्हय म्हणतेत आता. मग पुढं बोलायला काय उरतच न्हाय बग."

केळीचं मला कधीपासून माहीत होतं. पुस्तकात स्वतः वाचलं होतं. मी चपला काढल्या, मांडी घालून त्यांच्यासमोर बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "न्हाय मामा. हे काय मला पटत न्हाय."

मामांनी खुर्ची माझ्याकडं ओढली.